शुक्रवारी न आलेली गाडी

१

शुक्रवारी सकाळी सिकुलूच्या फाट्यावर टोमॅटोच्या पेट्या रांगेने लागल्या होत्या, पेट्यांशेजारी गटाच्या बायका बसल्या होत्या, आणि गाडी आली नाही.

उशीर झाला असता तर कुणी मनावर घेतलं नसतं. मसाबा डोंगराच्या या अंगाला गाड्या उशिराच येतात. एखादी वेळेवर आली तर ती आदल्या दिवशीची असावी असं लोक धरून चालतात. पण ऊन पेट्यांवर चढलं, वरच्या थरातल्या टोमॅटोंची सालं ताणायला लागली, तेव्हा गटाच्या अध्यक्ष मायी ड्रुसिला उठून उभ्या राहिल्या.

"लाव गं फोन."

फोन गटाचा होता. सगळ्या बायकांत मिळून एक. तो सांभाळायचं काम नामाल्वाकडे होतं, कारण तिला वाचता यायचं, आणि ती विधवा असल्यामुळे फोन नवऱ्याच्या खिशात जाण्याची भीती नव्हती. नामाल्वाने एल्डोरेट शहरातल्या व्यापारी हलिमाला फोन लावला. दर शुक्रवारी सिकुलूचा सगळा माल हलिमाची गाडी उचलायची.

"आता काय?" हलिमा म्हणाली. आवाज एवढा मोठा होता की शेवटच्या पेटीजवळच्या बाईलाही ऐकू गेला. "तुम्हीच काल मेसेज केलात ना, येऊ नका म्हणून? मी गाडी किटालेकडे वळवली. भरून झाली."

"कुणी केला मेसेज?"

"तुमच्याच नंबरावरून आलाय, बाई. पुन्हा असा खेळ केलात तर मी कायमचीच तिकडची होईन."

फोन बंद झाला. मग एकेक बाई वळून नामाल्वाकडे बघायला लागली. जिच्या हातात फोन, तिनेच मेसेज केला. एवढं गणित कळायला वाचता येण्याची गरज नव्हती.

दुपारी इग्नेशियस सिताती नावाचा दलाल रिकामा टेम्पो घेऊन आला आणि त्याने सगळा माल पडेल भावात उचलला. संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल ठरला होता. सितातीने पैसे चारले आणि नामाल्वाने गाडी परतवली. रविवारी चर्चनंतर गटाची सभा, आणि सभेत नामाल्वाच्या ओळी काढून घ्यायच्या.

गटाने भाड्याने घेतलेल्या शेतात प्रत्येकीच्या टोमॅटोच्या काही ओळी होत्या. नामाल्वाच्या ओळी नुकत्याच लाल व्हायला लागल्या होत्या. तिच्याकडे दुसरी जमीन नव्हती, आणि दोन मुलं होती.

२

प्रोटस लुस्वेती हा गावचा मुकासा. म्हणजे सरकारी पगार नसलेला सरकारी माणूस. कुणाची गाय कुणाच्या मक्यात शिरली, कुणाचं कुंपण रात्रीत दोन पावलं सरकलं, असली प्रकरणं त्याच्याकडे यायची. पूर्वी तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. कारखाना बंद पडला, पण कुठल्याही गोष्टीवर लगेच विश्वास न ठेवण्याची सवय उरली, आणि मुकासाच्या कामाला तेवढं भांडवल पुरायचं.

शुक्रवारचा तमाशा त्याने पाहिला नव्हता. तो दिवसभर मायी ड्रुसिलांच्या अंगणात उपाशी बसला होता.

झालं होतं असं. मायींचा जावई खाएंबा आपल्या सहा काकांना आणि लग्नाच्या देण्यातल्या एका गायीला घेऊन त्याच सकाळी दारात उभा राहिला. मायींचे यजमान वारलेले, दीर युगांडात, आणि बायका सगळ्या फाट्यावर. पाहुण्यांसमोर बसायला कुणीतरी बाप्या हवा म्हणून मुकासाला हाक गेली. घरात चूल थंड होती. व्याह्यांसाठी कोंबडी कापलेली नाही, बुसुमाच्या उकडीसाठी पीठ दळलेलं नाही, बसायला खुर्च्यासुद्धा मागून आणलेल्या नाहीत. लुस्वेतीने पाऊस, खत आणि राजकारण हे तीनही विषय संपवले. चौथा त्याला येत नव्हता. सर्वांत थोरले काका शेवटी गायीकडे बघत म्हणाले, "काल त्या ज्या मयतीला गेल्या होत्या, तिथेच आम्ही निरोप पाठवला होता, उद्या येतो म्हणून. नको असतं तर कळवलं असतं त्यांनी."

"बरोबर आहे," लुस्वेती म्हणाला. उपाशी माणूस कशालाही बरोबर म्हणतो.

रात्री त्याची बायको मुलोंगो, जी गटातही होती, ताट वाढता वाढता त्याला थोरल्या लेकीच्या, नेलिमाच्या नावाने हाक मारत म्हणाली, "बाबा नेलिमा, रविवारी तुम्ही फक्त मान हलवा. बाकी आम्ही बघून घेतो."

"तिने केलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोनने."

"फोन बोलला?"

"हलिमा बोलली फोनवर, तेच ते."

"मेसेज गुरुवारी किती वाजता आला?"

मुलोंगोने डाव खाली ठेवला. "दुपारी, म्हणे. का?"

"काही नाही. गुरुवारी दुपारी मी दाढी करायला गेलो होतो. तुमचा फोन न्हाव्याच्या दुकानात खिळ्याला लटकला होता. बंद."

३

शनिवारी सकाळी लुस्वेती वारुळाच्या टेकाडावर चढला. सिकुलूत खात्रीची रेंज तिथेच मिळायची. त्याने स्वतःच्या फोनवरून हलिमाला गाठलं.

"मेसेज वाचून दाखवता?"

"तुम्ही कोण?"

"मुकासा."

"पोलीस?"

"पोलिसाला पगार असतो, बाई."

हलिमा हसली आणि तिने वाचून दाखवलं. "शुक्रवारी येऊ नका. इकडे काहीच तयार नाही. पुढच्या आठवड्यात कळवू. सोबतच्या मंडळींनाही सांगा. मनाला लावून घेऊ नका."

"नाव नाही खाली?"

"नाव कशाला? नंबर त्यांचाच."

"तुमच्याबरोबर मंडळी किती असते?"

"एक ड्रायव्हर. हमाल तुमच्याच गावातला घेते. मलाही वाटलं, ही मंडळी कुठली? म्हटलं असेल बायकांची रीत. एवढ्या आदराने मला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून लगेच ऐकलं."

"एकदा शहानिशा करावीशी नाही वाटली?"

"एक मिस्ड कॉल द्यायला गेले होते. फोन बंद होता." हलिमा जरा थांबली. "मुकासा, मी वाईट बाई नाही. पण माझी गाडी रिकामी परत नेणं मला परवडत नाही. तुमच्या घरातली भांडणं तुम्ही मिटवा, मगच मी येईन."

टेकाडावरून उतरताना लुस्वेती त्या मेसेजचा विचार करत होता. ज्या बाईला टोमॅटोची गाडी परतवायची आहे, ती बाई टोमॅटो हा शब्द एकदाही कसा लिहीत नाही?

४

नामाल्वा शेतात होती. रविवारी ओळी जाणार हे माहीत असून ती त्याच ओळींना काठ्या बांधत होती.

"सोडून दे की," लुस्वेती म्हणाला. "उद्या दुसरीच्या व्हायच्यात."

"झाडाला काय माहीत उद्या कुणाचं ते?" तिने सुतळी दातांनी तोडली. "विचारा, मुकासा. सगळे विचारून गेलेत. तुम्हीच राहिलात."

"सितातीशी काय बोलत होतीस बुधवारी? लोकांनी पाहिलंय."

"कोंबडी विकत होते. एका कोंबडीवर जेवढं बोलणं होतं तेवढं झालं. कोंबडीही होती तिथे, तिला विचारा."

लुस्वेतीने फोन मागितला. तिने ओच्यातून काढून दिला. पाठवलेले मेसेज त्याने एकेक करून पाहिले. पहिला गट स्थापन झाला तेव्हाचा होता. शेवटचा मागच्या आठवड्यातला, हलिमालाच, पेट्या किती आहेत ते सांगणारा. मधला एकही पुसलेला दिसत नव्हता. गुरुवारचा मात्र नव्हता.

"तू पुसलास, असं म्हणतात."

"मला पुसता आलं असतं तर तुम्हाला लॉटरी लागली हे सांगणारे एवढे मेसेज मी ठेवले असते? रोज तो फोन म्हणतो जागा संपली. आम्ही रोज त्याला म्हणतो, आमचीही."

"मग गुरुवारी तुमच्या नंबरावरून मेसेज गेला कसा?"

"तेच कळत नाही. फोन चार्जिंगला होता. आणि सिम माझ्याकडे नव्हतंच." चार्जिंगला फोन ठेवताना त्यातलं सिम काढून घ्यायचं, ही सिकुलूतली साधी रीत, नाहीतर दुकानात कुणीही त्यावर फुकट बोलून घेतो. "मायींनी नियमच केला होता, तेवढा वेळ सिम त्यांच्याजवळ ठेवायचं. माझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे, असं त्या प्रत्येक वेळी सांगतात."

"आणि त्या ठेवतात कुठे?"

"खांद्यावरच्या कापडात. एका टोकाला गटाचं सिम, दुसऱ्या टोकाला त्यांचं स्वतःचं. दोन गाठी. त्यांच्याकडे फोन नाही, नुसतं सिम आहे; लागेल तेव्हा कुणाच्याही फोनमध्ये घालतात."

"संध्याकाळी परत दिलं?"

"हो की. आधी स्वतःचंच काढून दिलं. मी म्हटलं, मायी, हे तुमचं, दुसरी गाठ सोडा. आपल्या सिमला मी नखाला लावायच्या रंगाचा लाल ठिपका दिलाय ना, म्हणून कळलं. त्या मलाच म्हणाल्या, तुझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय." तिने पुढची काठी उचलली. "झालं तुमचं? मला ही रांग पुरी करायचीय."

लुस्वेती दोन पावलं गेला आणि थबकला. तिच्या बोलण्यातलं काहीतरी त्याच्या हाताला लागून निसटलं होतं.

५

सिताती फाट्यावर उसाचं टिपरू चोखत बसला होता.

"ये, मुकासा. बेड्या आणल्यास का दोरी?"

"गाडी येणार नाही हे तुला आधीच कळलं होतं."

"मी दर शुक्रवारी इथेच असतो, रे. रिकामा टेम्पो घेऊन. तुमची गाडी येते तेव्हा तुम्हाला मी दिसत नाही, एवढंच. माश्याही असतात दर शुक्रवारी, त्यांना विचारलंस?"

"भाव पाडून घेतलास."

"ऊन मी पाडलं नाही." सितातीने चोथा थुंकला. "आणि एक सांगू? मला जर नामाल्वाला फितवायचंच असतं, तर मी हलिमाला कायमचं नको म्हणायला लावलं असतं. सकाळी टेकाडावर हलिमाने तुला वाचून दाखवलं ते इथपर्यंत ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात कळवू, असं कोण लिहितं? हा काय दलालाचा मेसेज आहे? हा तर पाहुण्याला नाही म्हणणाऱ्या घरधनिणीचा मेसेज आहे."

लुस्वेती त्याच्याकडे बघत राहिला.

"काय झालं? उलटं उत्तर दिलं का मी?"

"नाही," लुस्वेती म्हणाला. "सरळच दिलंस. तुला कळलं नाही एवढंच."

तो मुख्वाना न्हाव्याच्या दुकानाकडे चालू लागला. दुकान कसलं, पत्र्याची खोली, छतावर सौर पॅनेल, आत एक खुर्ची, आणि भिंतभर खिळे. प्रत्येक खिळ्याला एक फोन आणि फोनला नंबराचा कागद. निम्म्या सिकुलूचा आवाज तिथे लटकून असायचा.

"गुरुवारी दुपारी," लुस्वेती खुर्चीत बसत म्हणाला, "मयतीहून कुणीतरी तुझ्याकडे मेसेज लिहून घ्यायला आलं होतं."

मुख्वानाची कात्री थांबली. "मुकासा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची अक्षरं मी लिहितो. लिहिलं की विसरतो. नाहीतर उद्यापासून कोण येईल? केससुद्धा बाहेर जाऊन कापून घेतील लोक."

"कोण आलं ते नको सांगू. काय लिहिलं ते मला माहीत आहे. कुणाला पाठवलं?"

"ते मलाच माहीत नाही. नाव सांगितलं नाही. म्हणाली, तू फक्त लिही, पाठवते मी. फोन माझाच, सिम तिचं. तिने हातात घेतला आणि बटण खाली, खाली, खाली. भाजी खुडावी तसं. गेला म्हणाली." मुख्वानाला आपण 'म्हणाली' म्हटल्याचं उशिरा कळलं, आणि तो आरशाकडे वळला.

"सिम कुणी घातलं फोनमध्ये?"

"मीच."

"त्याच्यावर काही खूण होती?"

मुख्वानाने विचार केला. शब्द सांगायचे नाहीत असा त्याचा नियम होता. ठिपक्याबद्दल नियम नव्हता.

"लाल," तो म्हणाला. "मला नवल वाटलं. एवढ्या वयात नखं रंगवते की काय."

६

मायी ड्रुसिला अंगणात वाटाणे सोलत होत्या. पाहुण्यांनी आणलेली गाय मागच्या बाजूला बांधलेली होती आणि अजून रुळली नव्हती.

"बसा, मुकासा. उद्याच्या सभेत काय बोलायचं ते ठरलं का?"

"तुम्हाला एक विचारायचं होतं, मायी. काल पाहुणे आले तेव्हा चूल थंड होती."

"पेट्या राखत होते मी."

"पण ते येणार हे तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं. मयतीत निरोप आला होता. तुमच्यासारखी बाई व्याह्यांना उपाशी बसवत नाही. मला बसवाल, पण त्यांना नाही."

मायींची बोटं वाटाण्यावर थांबली.

"गुरुवारपासून या गावात एक गोष्ट उलटी झाली, असं मला वाटत होतं," लुस्वेती म्हणाला. "उलट्या दोन झाल्या. जिने यायचं होतं ती गाडी आली नाही. आणि ज्यांनी यायचं नव्हतं ते पाहुणे आले. गाडीवालीला मेसेज मिळाला, पाहुण्यांना मिळाला नाही. दोन मेसेज शोधत बसलो असतो तर जन्म गेला असता. मेसेज एकच होता, मायी. पत्ता चुकला."

"मी हलिमाला काहीही पाठवलेलं नाही."

"ते मला मान्य आहे. तुम्ही पाठवलं ते जावयाला."

वाटाण्याची टोपली मायींच्या मांडीवरून घसरली. त्यांच्या बुकुसू जमातीत सासू जावयाच्या समोर येत नाही, त्याचं नाव उच्चारत नाही, त्याला आपला आवाज ऐकू देत नाही. तो अंगणात शिरला की ती मागच्या दाराने केळीत शिरते. ही रीत चुकवणाऱ्या बायकांना चर्चमध्ये सर्वांत कडक शब्दांत सुनवायच्या त्या मायी ड्रुसिलाच.

"शुक्रवार गाडीचा दिवस," लुस्वेती पुढे म्हणाला. "त्या दिवशी पाहुणे नकोत. लेकीकडे फोन नाही, फोन जावयाकडे. त्याला फोन केला तर तो उचलणार, म्हणजे आवाज जाणार. म्हणून मेसेज. आणि न्हाव्याला सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून पाठवलात तुम्हीच. तुमच्या सिममध्ये तिसरा नंबर त्याचा, हो ना?"

मायींनी टोपली सरळ केली. मग अगदी हळू म्हणाल्या, "पहिली वहिनी, दुसरे पाद्री, तिसरा तो."

"गटाच्या सिममध्ये तिसरी हलिमा आहे. आता बघून आलो."

"पण मी माझी गाठ सोडली होती. उजवीकडची."

"मयतीत कापड खांद्यावर ठेवलं होतंत?"

मयतीत बायका खांद्यावरचं कापड काढून कमरेला आवळून बांधतात, आणि निघताना पुन्हा खांद्यावर टाकतात. मायींचा हात आपसूक उजव्या खांद्याकडे गेला, मग डाव्या.

"टाकताना उलटं पडलं," लुस्वेती म्हणाला. "संध्याकाळी नामाल्वाला तुम्ही आधी स्वतःचं सिम काढून दिलंत, तेव्हाच ते दिसायला हवं होतं. तुम्हालाही आणि तिलाही."

"अक्षरं मी लिहिलेली नाहीत," मायी म्हणाल्या. "मला लिहिता येत नाही. म्हणजे मी त्याच्याशी बोलले असं होत नाही."

"त्याचा निकाल चर्चने करावा. मला पगार नाही." लुस्वेती उठला. "उद्या सभेत नामाल्वाच्या ओळी जाणार आहेत. त्या का जाऊ नयेत हे मला सांगावं लागेल, आणि सांगितलं की हे सगळंच सांगावं लागेल. किंवा मी बोलणार नाही, तुम्ही बोलाल. तिसरी वाट मी शोधली. सापडली नाही."

तो कुंपणाशी पोचला तेव्हा मायी सांडलेले वाटाणे वेचत होत्या.

७

रविवारी चर्चनंतर अंजिराच्या झाडाखाली सगळा गट जमला. नामाल्वा कडेला बसली होती. फोन तिने मध्ये जमिनीवर आणून ठेवला होता, त्याला कुणी हात लावत नव्हतं.

लुस्वेती उभा राहिला. फोन खिळ्याला होता, सिम त्यात नव्हतं, नामाल्वाला मेसेज पाठवणं शक्यच नव्हतं, एवढं त्याने वजनकाट्यावरच्या आवाजात सांगितलं.

"मग कुणी पाठवला?" एकजण म्हणाली. "भुतांनी?"

"सिम अध्यक्षांच्या गाठीत होतं," दुसरी म्हणाली. "त्या गाठीला कोण हात लावणार? उगाच काहीतरी सांगू नका, मुकासा."

"बाबा नेलिमा," मुलोंगो दबक्या आवाजात म्हणाली, "बसा खाली."

लुस्वेती खाली बसला. नामाल्वा जमिनीकडे बघत होती. मग मायी ड्रुसिला उठल्या. त्यांनी खांद्यावरचं कापड नीट केलं, एकदा नाही, दोनदा.

"मी पाठवला," त्या म्हणाल्या. "हलिमाला नव्हता. आमच्याकडच्या पाहुण्यांना होता. गाठ चुकली."

"कुठल्या पाहुण्यांना?"

"शुक्रवारी आलेल्या."

"त्यात कुणाला?"

मायींनी उत्तर दिलं नाही. नाव घेता येत नाही ते एकच असतं, त्यामुळे सगळ्यांना उत्तर मिळालं. मागच्या रांगेतली एक म्हातारी तोंडावर हात ठेवून बसली. चर्चमध्ये मायींचं ज्यांनी ज्यांनी ऐकून घेतलं होतं त्या सगळ्या आता मायींकडे बघत होत्या, आणि त्यांना फार घाई नव्हती.

"यासाठी जे काही द्यावं लागेल ते मी देईन," मायी म्हणाल्या. "बकरं म्हणाल तर बकरं. पण हिच्या ओळी हिच्याच राहतील."

शेवटी मुलोंगोने घसा साफ केला.

"बकरं द्यायचंच असेल," ती म्हणाली, "तर मग मलाही द्यावं लागेल. मी माझ्या जावयाला मागच्या महिन्यात मेसेज केला. बियाण्याचं विचारायचं होतं."

लुस्वेतीने बायकोकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

"मी मुख्वानाकडूनच लिहून घेते," तोंडावर हात ठेवलेली म्हातारी हाताआडून म्हणाली. "नातवंडं कशी आहेत एवढंच. दर आठवड्याला."

"माझा तर उत्तरंही पाठवतो," आणखी एक म्हणाली. "चांगला आहे तो. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं."

बकऱ्यांची संख्या वाढत चालली तसा दंडाचा विषय हळूहळू मागे पडला. सभेने दोन गोष्टी ठरवल्या. यापुढे सिमही नामाल्वाजवळच राहील. आणि हलिमाला आज, आत्ता, सर्वांसमोर फोन करायचा. नामाल्वाने फोन उचलला आणि सगळा गट तिच्यामागे वारुळाच्या टेकाडावर चढला. सगळं ऐकून झाल्यावर हलिमा बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, शुक्रवारी येते, आणि मंडळी आणत नाही.

टेकाडावरून बायका उतरल्या. मायी ड्रुसिला मुद्दाम मागे राहिल्या, आणि नामाल्वा फोन ओच्यात खोचत होती तिच्याजवळ येऊन थांबल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करतात ते माहीत नव्हतं.

"उद्या सकाळी तुझ्या ओळी खुरपायला येते मी," त्या म्हणाल्या.

नामाल्वाने त्यांच्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"नको, मायी. तुम्ही खुरपलंत की मला दुपारी परत खुरपावं लागतं. मागच्या वेळी पाहिलंय मी."

खाली उतरणाऱ्या बायकांपैकी दोघी ऐकायला थांबल्या. मायींनी आधी ओठ आवळले, मग आवळलेल्या ओठांतून सुटणारं हसू त्यांना आवरेना.

"मग पाणी घालीन."

"घाला," नामाल्वा म्हणाली. "पण बुंध्याशी. पानांवर नाही."

"बुंध्याशी," मायी म्हणाल्या, आणि दोघी टेकाड उतरायला लागल्या.